शालूआत्याने सुचवलेली मालिका

माझा भूत, करणी, आत्मा, चकवा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. माझा तर आमच्या लिफ्टवर लावलेल्या 'दुरुस्ती पूर्ण झाली आहे' या पाटीवरही विश्वास नाही. या ग्रुपवर लोक लिहितात, पैंजणांचा आवाज आला, पांढऱ्या साडीतली बाई दिसली... मी वाचून हसायचो. अहो, पैंजण वाजवत चालायला आमच्या मुलुंडच्या फुटपाथवर त्या बाईला जागा तरी कुठे आहे?

तर माझ्या अनुभवात पैंजण नाहीत, अमावास्या नाही, पिंपळही नाही. एक कावळा आहे, एक टीव्ही मालिका आहे आणि माझी आत्या आहे. आणि मला भीती वगैरे काही वाटलेली नाही. मला राग आलाय. वाचून झाल्यावर तुम्हीच सांगा, कुठल्याही माणसाला आला असता की नाही.

आधी माणसं सांगतो, म्हणजे गोंधळ नको. मी प्रकाश, घरचे पक्या म्हणतात. राहायला मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाता येईल असं एजंटने सांगितलं होतं अशा बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीला गज आणि त्यांच्या बाहेर काढलेलं ग्रिल आहे. त्यात तुळस, कोरफड आणि बायकोने अजून फेकू न दिलेला जुना मिक्सर. हे ग्रिल लक्षात ठेवा, सगळा प्रकार तिथेच झालाय. बायको रेश्मा. शालूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ती घाटकोपरला भटवाडीत राहायची, मुलाबरोबर. मुलगा विनायक, म्हणजे आमचा विन्या. विन्या चाळिशीचा, बिनलग्नाचा आणि इतका सरळ की मी सांगितलेलं सगळं त्याला खरं वाटतं. असा माणूस आमच्या घराण्यात दुसरा झालेला नाही.

आता शालूआत्या. या बाईला एकच व्यसन होतं — मालिका सुचवायची. लोक आजाऱ्याला बघायला जाताना शहाळं नेतात, ही मालिका न्यायची. लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद देताना कानात सांगायची, "साडेसातची बघा हां." गॅसवाला, डबेवाली, भाजीवाला, रिक्षावाला... एकदा रिक्षा सिग्नलला उभी असताना शेजारच्या रिक्षातल्या बाईला हिने अख्खं कथानक सांगितलं आणि सिग्नल सुटल्यावर त्या बाईने आपली रिक्षा आमच्या मागे वळवायला लावली, पुढचं ऐकायला. खोटं सांगत नाही, मी शेजारी बसलेलो.

आणि नुसतं सुचवून थांबली तर ती शालूआत्या कसली. ती तुमच्याबरोबर बसून बघायची. म्हणजे तुम्ही टीव्ही बघायचा आणि ती तुमचं तोंड बघणार. मान डावीकडे वाकडी करून, डोळे बारीक करून, तुमच्या चेहऱ्यावर नजर लावून. "आता बघ हां... आता काय होता ता बघ..." आपण हसलो की ती हसायची. आपण जांभई दिली की खांद्यावर चापट. आणि भाग संपला रे संपला की एकच प्रश्न, "काय? कशी वाटली?"

आता माझी बाजू ऐका. मीसुद्धा सुचवणारा माणूस आहे. अंधेरीला आमच्या ऑफिसात कोणालाही विचारा. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या टेबलाभोवती घोळका असतो... "पक्या, वीकेंडला काय बघू?" कोरियन, स्पॅनिश, तुर्की, सगळं बघतो मी. सबटायटल वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढला. असा माणूस 'तुझ्या ओंजळीत माझं आभाळ' बघेल?

हो, हेच नाव. घरात सगळे नुसतं 'ओंजळ' म्हणायचे. त्यात ऊर्मी नावाची एक सून आहे, जी पहिल्या भागापासून रडतेय, आणि एक राजलक्ष्मी काकी आहे, जी झोपतानाही नथ काढत नाही. बस. बाकी सगळा ढगांचा गडगडाट. आत्या मला ही मालिका सुचवत राहिली, आणि मी "हो गं, बघतो" म्हणत राहिलो. त्यात काय पाप केलं? तुम्हाला सुचवलेलं सगळं तुम्ही बघता? हात वर करा बघू.

मग आत्या आजारी पडली. छातीत पाणी झालं. हॉस्पिटलात भेटायला गेलो तर नाकात नळी, हाताला सलाईन, आवाज एवढासा झालेला. मी जवळ गेलो. वाटलं, काहीतरी घरातलं सांगेल, विन्याकडे लक्ष दे म्हणेल. बाईने नळी बाजूला केली आणि विचारलं,

"पक्या, ओंजळ बघतंस मां?"

"बघतोय गं आत्ये. मस्त आहे."

"खंयपर्यंत इलंस?"

आता कुठपर्यंत आलो म्हणून सांगू? पण मी काही कच्चा माणूस नाही. मालिका म्हटली की लग्न असणारच. मी ठोकून दिलं, "लग्नापर्यंत."

आत्याने मान डावीकडे वाकडी केली, डोळे बारीक केले.

"कोणाच्या?"

नशीब, तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. मी सटकलो. दारातून मागे बघितलं तर आत्या नर्सच्या डोक्यावरून माझ्याकडेच बघत होती. तेच आमचं शेवटचं बोलणं. दोनच दिवसांत ती गेली. विन्या खाली चहा प्यायला उतरला होता तेवढ्यात गेली. तिच्या शेजारी विन्याचा मोबाईल होता. आदल्या संध्याकाळी त्याने तिला त्यावर 'ओंजळ' लावून दिली होती.

दहाव्याला आम्ही सगळे ठाण्याला खाडीकाठच्या घाटावर. गुरुजींनी पिंड मांडले. विन्या उघड्या अंगाने, डोकं भादरलेला, डोळे सुजलेले. समोरच्या भिंतीवर कावळे इतके की मध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. आणि एकही खाली येईना.

दहा दिवसांत विन्या कुणाशी धड बोलला नव्हता. तो हळूच म्हणाला, "माझ्यावर रागावलीय ती. मी चहा प्यायला गेलो ना."

"असं काही नसतं रे," मी म्हणालो.

पण कावळे येईनात, त्याला काय करणार? पिंडाशेजारी चहा ठेवून झाला. बटाटावडा ठेवून झाला. मोठ्या काकांनी हात जोडून सांगितलं, विन्याचं लग्न आम्ही करून देऊ. कावळे ढिम्म. विन्या म्हणाला, आई, गावच्या घरात दिवा लावायला दर मे महिन्यात जाईन. एका कावळ्याने तोंड फिरवलं. ऊन चढलं, फरशी तापली, आम्ही सगळे एका पायावरून दुसऱ्या पायावर. गुरुजींना पुढचं काम होतं. ते म्हणाले, "अहो, दर्भाचा कावळा करून शिववतो. शास्त्रात आहे तसं."

विन्या एवढा शांत माणूस, पण ओरडला. "माझ्या आईला गवताचा कावळा? मी इथून उठणार नाही. संध्याकाळ झाली तरी."

आणि मांडी घालून बसला तो. तापलेल्या फरशीवर. खांदे हलत होते त्याचे. मला ते बघवेना हो. आणि पोटात सकाळपासून काही नव्हतं, तेही खरं. मी पुढे झालो आणि त्या भिंतीकडे बघून अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असा ओरडलो,

"आत्ये! बघतो तुझी ओंजळ! पहिल्या भागापासून बघतो, एकही न गाळता, शेवटपर्यंत! आता ये खाली!"

भिंतीवरून एक कावळा उतरला. घाई नाही, गडबड नाही. सोसायटीचा चेअरमन मीटिंगला यावा तसा चालत आला. उजव्या पायाचं एक बोट नव्हतं त्याच्या. वड्याकडे बघितलं नाही, चहाकडे बघितलं नाही. माझ्यासमोर उभा राहिला, मान डावीकडे वाकडी केली, माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं... आणि मग पिंडाला चोच लावली.

मला माहितीय, सगळेच कावळे मान वाकडी करतात. मीही तेच म्हणालो. पण घाटावर जमलेले माझे तमाम नातेवाईक कावळ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. गुरुजीसुद्धा.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, "आपण सगळे मिळून बघू ना. भाग वाटून घेऊ."

मोठे काका म्हणाले, "शब्द तू दिलास. आम्ही कशाला बघायची?"

बघा. हे आमचे नातेवाईक. पंगतीला सगळे आणि मालिकेला मी एकटा!

ॲपवर 'ओंजळ'चे सगळे भाग होते. किती होते ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की खाली खाली सरकवत पहिल्या भागापर्यंत पोचेस्तोवर अंगठ्याला मुंग्या आल्या. पहिले चार दिवस मी काही बघितलं नाही. म्हटलं, शब्द तर शब्द, कावळा काय मुलुंडला हिशेब मागायला येणार आहे?

पाचव्या दिवशी संध्याकाळी ऑफिसमधून आलो, सोफ्यावर पडलो, माझी स्पॅनिश सिरीज लावली. ग्रिलवर टक टक. मिक्सरवर कावळा बसलेला. मी म्हटलं, हाड. तो हलला नाही. मी उठून जवळ गेलो आणि त्याचे पाय बघितले. उजव्या पायाला एक बोट कमी.

रेश्मा आतून आली. म्हणाली, "काळोख झालाय. या वेळी कावळे झाडावर जातात. हा इथे काय करतोय?"

"मला काय विचारतेस? मी काय त्याचा मॅनेजर आहे?"

"लाव," ती म्हणाली.

"काय लावू?"

"तुला माहितीय काय लावायचं ते."

मी 'ओंजळ' लावली. भाग पहिला. कावळ्याने पंख झटकले, मिक्सरच्या भांड्यावर नीट बूड टेकलं आणि बसला. आणि टीव्हीकडे बघेना! माझ्याकडे बघत बसला. थेट तोंडाकडे, मान वाकडी करून. मी जांभई दिली तर ग्रिलवर टक.

तिथून माझे हाल सुरू झाले. अहो, काय मालिका आहे ती! गणपतीत नवऱ्याने हार उचलला तो ऊर्मीच्या गळ्यात पडायला दिवाळी झाली. मध्ये काय? तर सगळ्यांची तोंडं. आधी सासऱ्यांचं तोंड, मग दिराचं, मग काकीचं तोंड तीन वेळा आणि दर वेळी कडाड् धूम्. घरातल्या मांजराचंही तोंड दाखवलं. ऊर्मीची स्मरणशक्ती गेली, आली, परत गेली. बाई काय वेंधळी की काय, वस्तू ठेवून विसरावी तशी स्मरणशक्ती विसरते? तिच्यासारखीच दिसणारी दुसरी आली. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर उभ्या राहतात आणि सख्खा नवरा ओळखत नाही. मी सोफ्यावरून ओरडायचो, "अरे गाढवा, हिने टिकली डावीकडे लावलीय!" आणि खिडकीतून आवाज यायचा... तो काव काव नव्हता. कसा सांगू... आत्या हसायची ना, पदर तोंडात धरून, तसा घशातल्या घशात.

मी काय गप्प बसून सहन करणारा आहे? सगळे उपाय केले. दीडपट वेगाने लावून बघितली. टकटक इतकी सुरू झाली की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी फोन करून विचारलं, सुतार लावलेत का. टीव्हीवर 'ओंजळ' लावून, कानात ते छोटे हेडफोन घालून मोबाईलवर माझी स्पॅनिश बघितली. कावळ्याने खिडकीच्या गजातून मान आत घातली आणि असा किंचाळला की स्पॅनिश पोलीससुद्धा दचकले असतील. एकदा माझ्या जागी रेश्माला बसवलं, माझा शर्ट घालून. ती म्हणाली, "तुला लाज नाही," आणि कावळ्याचंही तेच मत असावं, कारण तो मी बाथरूमच्या दारातून बाहेर येईपर्यंत ओरडत होता.

तुम्ही म्हणाल, खायला घालत असाल, म्हणून येत असेल. मलाही आधी तेच वाटलं. फरसाण ठेवलं, चपाती ठेवली, एकदा तळलेली मांदेली ठेवली. कोकणातल्या कावळ्याने मासळी सोडली तर तो आजारी समजायचा. याने बघितलंही नाही. दुपारी दुसरे कावळे येऊन खाऊन गेले.

रविवारी विन्या यायला लागला. पहिल्यांदा आला तेव्हा मी काही सांगितलं नाही, तोच सोफ्यावर बसला आणि खिडकीकडे बघत राहिला. कावळा आपला माझ्या तोंडाकडे बघत बसलेला. मग विन्या म्हणाला,

"पक्या, ही माझ्याकडे का बघत नाही रे?"

आता याला काय सांगू? मी म्हटलं, "अरे, तू मालिका आधीच बघितलीयस. आत्या बघितलेल्या माणसाचं तोंड बघायची का कधी? नवीन बकरा लागायचा तिला."

विन्या हसला. दहाव्यानंतर पहिल्यांदा हसला असेल. मग म्हणाला, "म्हणजे रागावलेली नाही ना?"

"रागावली असती तर तुझ्या खिडकीत आली असती. आमच्या घराण्यात राग आला की माणूस घरी येतो."

विन्याला ते पटलं. मला पटलं नाही, पण ते जाऊ दे.

पावसाळा संपला, थंडी म्हणतात ते मुंबईत असतं तेवढं आलं आणि गेलं. आणि मग तो रविवार. विन्या म्हणाला, "पक्या, आज जो भाग आहे ना... आईने हाच शेवटचा बघितला. हॉस्पिटलात. माझ्या मोबाईलवर."

त्या भागाच्या शेवटी राजलक्ष्मी काकी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी आहे. मागून एक हात येतो. बांगडी नाही, अंगठी नाही, नुसता हात. तो काकीला ढकलणार... आणि संपलं. विन्या सांगत होता, आत्या त्या रात्री झोपेपर्यंत तेच विचारत होती. "हात कोणाचो असतलो रे, विन्या?" विन्या म्हणाला होता, उद्या बघू ना.

भाग संपला. कावळा माझ्याकडेच बघत होता, नेहमीसारखा. मी पुढचा भाग लावला. शीर्षकगीत वाजलं.

आणि कावळ्याने माझ्यावरून नजर काढली.

मिक्सरवरून उतरला. कोरफडीच्या कुंडीवर आला. खिडकीच्या दोन गजांच्या मध्ये मान घातली, आणि टीव्हीकडे बघायला लागला. एवढे महिने ज्याने एकदाही टीव्हीकडे बघितलं नव्हतं तो. मी मुद्दाम जांभई दिली. काही नाही. खोकलो. उठून उभा राहिलो, टीव्हीच्या आड आलो तर अंगावर ओरडला — बाजूला हो म्हणून!

  विन्या उठला, सोफा सोडून खिडकीपाशी गेला आणि जमिनीवर बसला, कुंडीच्या बाजूला. घरी आई खाटेवर आणि तो खाली, तसेच बसत असणार दोघं.

आता इथे मला राग कसला आला ते सांगतो. तो हात कोणाचा, हे 'ओंजळ'वाल्यांनी किती भाग सांगितलं नाही माहितीय? काकी हॉस्पिटलात, पोलीस घरात, सगळ्यांचे हात दाखवून झाले. रोज कावळा गजात मान घालून. मीही, काय खोटं बोलू, सुट्टी टाकून चार-चार भाग बघायला लागलो. ऑफिसात शुक्रवारी घोळका जमला, "पक्या, काय बघू?" तर मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, दीर असेल की ड्रायव्हर?

आणि शेवटी काय? स्वप्न होतं! काकीला पडलेलं स्वप्न! जिना नाही, हात नाही, काही नाही. काकी दचकून उठते, नथ सरळ करते आणि पाणी पिते.

मी रिमोट आपटला. अहो, एक बाई त्या हाताचा विचार करत करत गेली! माणूस मेलं तिकडे, आणि तुम्ही म्हणता स्वप्न होतं? लिहिणाऱ्याला आईबाप आहेत की नाहीत? मी ओरडत होतो, विन्या ओरडत होता — विन्या! — आणि खिडकीत कावळा पंख पसरून असा काही कोकलत होता की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. तिघांचं एकदम चाललं होतं. रेश्मा म्हणाली, "आत्यांचंच घराणं."

त्यानंतर आम्ही चालू भागांपर्यंत पोचलो. म्हणजे आता रोज साडेसातला, टीव्हीवर, जाहिरातींसकट. जाहिराती लागल्या की कावळा चोच घासून घ्यायचा. विन्या मानखुर्दला कामाला, तिथून रोज मुलुंडला यायला लागला. मी म्हटलं, अरे, घरी बघ ना. तर म्हणाला, "घरी एकट्याने काय बघायची?" बरोबरच आहे.

आणि मग एक दिवस टीव्हीवर खाली पट्टी फिरली — 'तुझ्या ओंजळीत माझं आभाळ' लवकरच निरोप घेत आहे. त्या जागी म्हणे नवीन मालिका, कुठल्या तरी नणंदेची.

मी किती दिवस या मालिकेला शिव्या घालत होतो. नाचायला पाहिजे होतं. उलट माझं डोकंच फिरलं. मालिका काय अशी बंद करतात? ऊर्मीची बहीण सापडायचीय, तो नवऱ्यासारखाच दिसणारा भाऊ दुबईत आहे, मांजराचं काय झालं ते दाखवलेलं नाही! अंधेरीच्या ऑफिसात माणसाला पकडून पकडून सांगितलं, बघा रे, ओंजळ बघा, झकास आहे, तुम्ही बघितलीत तर बंद नाही करणार. लोक म्हणाले, पक्या, तू? रिक्षात सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं. डेंटिस्टने तोंडात मशीन घातलेलं, तसंच सांगितलं.

रात्री विन्याला म्हटलं, "आपण वाहिनीवर मोर्चा नेऊ."

विन्या म्हणाला, "पक्या, संपू दे रे आता. तिला जाऊ दे."

मी म्हटलं, "तुला काय, तू घाटावर शब्द दिला नव्हतास." का म्हटलं ते मला माहीत नाही.

शेवटचा भाग. आम्ही तिघं आणि ग्रिलमध्ये तो. घाईघाईत सगळं उरकलं त्यांनी — काकी सुधारली, नथ ऊर्मीला दिली, सगळे अंगणात उभे, फुलं पडतायत, शीर्षकगीत. अगदीच फालतू शेवट. विन्या रडत होता. माझ्या डोळ्यात रेश्माच्या फोडणीचा धूर गेला होता.

पडदा काळा झाला.

कावळ्याने गजातून मान बाहेर काढली. जिन्यावरच्या त्या हातापासून या शेवटापर्यंत एकदाही त्याने माझ्याकडे बघितलं नव्हतं. आता तो वळला. मान डावीकडे वाकडी. आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. वाट बघत.

विन्या हळूच म्हणाला, "विचारतेय ती."

मला काय विचारतेय ते कळत नव्हतं का? पण कशी वाटली, हे मी कसं सांगू? मी म्हटलं, "आत्ये... शेवट बकवास होता." कावळा हलला नाही. "पण सगळी बघितली. एकही गाळला नाही." तरी नाही. मग माझ्या तोंडून निघालं ते निघालं, "आता पुढची कुठली बघू, ते तरी सांगून जा."

तेव्हा तो उठला. कुंडीवरून ग्रिलच्या कडेवर, तिथून एकदा विन्याकडे बघितलं — हो, विन्याकडे, नीट — आणि त्या काळोखात उडाला. परत आलेला नाही. बोट तुटलेला एकही कावळा मी त्यानंतर बघितला नाही, आणि मी बघत असतो. ऑफिसातला एक शहाणा म्हणतो, पक्ष्यांना पडद्याच्या उजेडाचं आकर्षण असतं. मग नणंदेच्या मालिकेला का येत नाही? उजेड तोच आहे, टीव्ही तोच आहे, साडेसातलाच असते. रेश्मा म्हणते, मी तिखटमीठ लावतो. लावतो. पण विन्या कधी लावत नाही, त्याला विचारा. 

विन्या आता बरा आहे. गॅलरीत उभा राहून चहा पितो, परवा मुलगीही बघून आला. सगळे म्हणतात, बरं झालं, शालूआत्या सुटली.

सुटली असेल. पण माझा राग गेलेला नाही. रोज साडेसातला रिमोट हातात घेऊन बसतो आणि काय लावायचं ते सुचत नाही. जन्मभर ही बाई कुणाच्या घरातून काही सुचवल्याशिवाय उठली नाही. आणि मी स्वतःहून विचारलं, तर न सांगता गेली.